मॅडम गाडीत नव्हत्या

आपण येणार नाही, या बातमीनं एवढी माणसं एवढी खूश होऊ शकतात हे अक्षदाला जिन्याच्या वळणावर उभं असताना कळलं. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. खांद्यावर पिशवी, हातात खडूचा डबा. वरच्या मजल्यावर तिचा वर्ग होता आणि तिथून निकिताचा खणखणीत आवाज येत होता.

"नव्हत्याच की गाडीत! मी पार शेवटच्या शिटापर्यंत बघितलं. कंडक्टरला पण विचारलं. म्हणला, अणदूरला मॅडम चढल्याच न्हाईत."

"नक्की का?" हा ज्ञानोबा. परंड्याचा, वसतिगृहात राहणारा, कशावरही चटकन विश्वास न ठेवणारा. "मागल्या बारीला बी असंच म्हणलीस. आमी कॅन्टीनला जाऊन बसलो आन् मॅडम मागच्या गाडीनं हजर."

"मागची गाडी आज न्हायच. लई शाणा असशील तर जा, स्टँडवर जाऊन बस."

मग तो आवाज झाला. आधी बाकं वाजली, दोन्ही तळव्यांनी, सगळी एकदम. त्यावर एक शिट्टी चढली. आणि मग पोटातून निघालेला लांबलचक 'होऽऽ', ज्यात मुलींचा सूर मुलांच्या वर होता. जिन्याच्या खिडकीतलं कबूतर उडालं. डब्यातले खडू किणकिणले.

अक्षदाचे कान तापले. हा आनंद दुसऱ्याच कशाचा असेल, असं तिनं आधी स्वतःला सांगून बघितलं. क्रिकेट असेल. निकाल लागला असेल. कुणाचं तरी लग्न जमलं असेल. सवयीप्रमाणं तिनं एकेक कारण तपासलं आणि बाद केलं. तेवढ्यात वरून ज्ञानोबा ओरडला, "आयला, संभाव्यता गेली आज!" आणि आज संभाव्यतेचाच तास होता. आता शंकेला जागा राहिली नाही.

ती रोज अणदूरहून बसनं धाराशिवला येई. खिडकीजवळची एक जागा तिच्या नावावरच असल्यासारखी होती. तुळजापूरला निकिता त्याच गाडीत चढे, नमस्कार करी आणि मागं जाऊन फोनवर काहीतरी टिपत बसे. एवढी अभ्यासू मुलगी, बसमध्येसुद्धा नोट्स काढते, असं अक्षदाला कित्येक महिने वाटत आलं होतं. एकदा तर तिनं वर्गात सगळ्यांसमोर निकिताचं उदाहरण दिलं होतं, आणि सगळा वर्ग का हसला ते तिला समजलं नव्हतं. आत्ता समजलं. 'बसल्यात' एवढा एकच शब्द रोज तुळजापूरहून जात असणार, आणि वसतिगृहात पोरं अर्धवट दाढ्या टाकून पळत सुटत असणार. ढग कुठवर आलेत हे जसं लोक एकमेकांना कळवत राहतात, तशी ती रोज वाटेवर कळवली जात होती. आज मात्र तिचा भाऊ बालाजी पिकअपमध्ये बोकडं घालून बाजाराला निघाला होता. "चल की, दारात सोडतो," म्हणाला, म्हणून ती त्याच्याशेजारी बसून आली. वाटभर एक बोकड मागच्या जाळीतून तिच्या वेणीचा वास घेत होतं. निकिताच्या बसला मागं टाकताना तिनं खिडकीतून हातसुद्धा हलवला होता. पण निकिताला तो दिसला नसणार. ती त्या वेळी शेवटच्या शिटापर्यंत मॅडम शोधत असणार. मग बालाजीनं आधी बाजारात बोकडं उतरवली आणि तेवढ्यात बस पुढं पोचली.

आणि हे सगळं नेमकं आज व्हावं. विद्यापीठ मोठं, इतकं मोठं की त्याच्या एका टोकाला पडलेला प्रश्न दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत विचारणारा निवृत्त होऊन जाई. तिकडं मुख्य आवारात कुणाला तरी वाटलं की विद्यार्थ्यांना आनंद कशानं होतो ते एकदा शोधावं. पत्रावर पत्र होत तो प्रश्न धाराशिवच्या उपकेंद्रात येऊन पडला, आणि इथं सांख्यिकी शिकवणारी एकटी अक्षदा होती; तीही तासिका तत्त्वावर, म्हणजे दर वर्षी नव्यानं नेमणूक. संचालक कृष्णराज सरांनी तिला चहा पाजून ते काम गळ्यात घातलं होतं. "उद्या समिती येतीय," ते कालच म्हणाले होते. "आकडे कोण वाचतं, मॅडम? मला एक वाक्य द्या. समितीसमोर उभं राहून म्हणता येईल असं. दुपारपर्यंत. मग पुढच्या वर्षीच्या नेमणुकांचं आपण बोलूच." हे शेवटचं ते खिडकीबाहेर बघत बोलले होते, त्यामुळं ते जास्तच स्पष्ट ऐकू आलं होतं.

वाक्य काही सापडत नव्हतं. पहिल्यांदा तिनं प्रश्नावली वाटली तेव्हा सगळा वर्ग दुःखात बुडालेला निघाला. झोप नाही, भूक नाही, हसू नाही. घाबरून तिनं ज्ञानोबाला बाजूला घेतलं. तो दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, तेहेतीस टक्क्यांच्या वर नुकसान दाखवावं लागतं. त्याच्या खाली काय मिळत न्हाय." पाऊस जास्त झाला की शेतात पंचनामा होतो, तसाच हा आनंदाचा पंचनामा, असं पोरांनी धरलं होतं. 'झालेल्या नुकसानीचा तपशील' या मथळ्याखाली, जो मथळा तिनं छापलाच नव्हता, ज्ञानोबानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'संध्याकाळचं हसणं, पूर्ण वाहून गेलं.' काहींनी तर फोटो जोडले होते. वसतिगृहाच्या टाकीसमोर माना खाली घालून उभे, आणि फोटोच्या कोपऱ्यात जागेचा ठावठिकाणा. मग तिनं वर्गात सांगितलं, बाबांनो, यात भरपाई नाही, हे फक्त बाहेरची समिती वाचणार आहे. झालं. दुसऱ्या खेपेला सगळे अत्यंत आनंदी. वसतिगृहाच्या पाण्याबद्दलसुद्धा अत्यंत आनंदी, आणि त्या आठवड्यात वसतिगृहाला पाणीच नव्हतं. "बाहेरच्या माणसासमोर घरचं काढायचं असतं का, मॅडम?" निकितानं तिलाच समजावलं होतं.

दोन्ही वेळचं सगळं खोटं होतं. खोटं बोलायची कारणं तेवढी अस्सल होती. घरी वडिलांना, धुळाप्पांना, तिनं हे सांगितलं तेव्हा ते खूप वेळ मिशीत हसत राहिले. मग म्हणाले, "मेंढराला कोण इचारतं का, बाई, तू खूश हाईस का? त्येला कळू न देता बघायचं असतं." आणि आता जिन्याच्या वळणावर, कुणाला कळू न देता, अक्षदाच्या पदरात ते पडलं होतं. सगळा वर्ग हजर, कुणीही विचारलेलं नाही, भरपाईची आशा नाही, पाहुण्यांची लाज नाही. याहून शुद्ध मोजमाप तिला जन्मात मिळालं नसतं. विद्यार्थ्यांना आनंद कशानं होतो? अक्षदा मॅडम आल्या नाहीत की होतो. वाक्य तयार होतं. आटोपशीर होतं. समितीसमोर उभं राहून म्हणता आलं असतं.

तिला आधी हसू आलं, मग ते ओसरलं. ओढणीला बोकडाचा केस चिकटला होता. तो ती फार काळजीपूर्वक काढत बसली. आपण इतकं वाईट शिकवतो? नाण्यांच्या आणि पत्त्यांच्या उदाहरणांना कंटाळतील म्हणून तिनं सगळी गणितं मेंढरांवर बेतली होती. कळपात इतकी पांढरी, इतकी काळी. डोळे मिटून एक ओढलं तर काळं निघण्याची शक्यता किती? त्या दिवशी पोरं हसली होती, ज्ञानोबानं विचारलं होतं, "मॅडम, डोळे मिटून वढलं तर शिंग लागायची शक्यता किती?" तिला वाटलं होतं, रंगला तास. तो रंगला होता की पोरं तिची समजूत काढत होती? तास संपल्याची घंटा झाली की ती वर्गाकडं पाठ करून फळा पुसायची. पाठीमागं चेहरे कसे होत असतील, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. आता वर जावं तर तो 'होऽऽ' तिच्या चेहऱ्यावर येऊन विझणार. खाली जावं तर आपण पळालो. जिन्याच्या वळणावर माणूस फार वेळ उभं राहू शकत नाही. कुणीतरी येतं आणि 'काय हरवलं का' विचारतं.

उमरग्याच्या कॉलेजात तिला भौतिकशास्त्राला शिवलिंगप्पा सर होते. सायकलवर यायचे. पँट साखळीत जाऊ नये म्हणून घोट्याला क्लिप, आणि ती क्लिप वर्गातही तशीच. ऊन असो, चिखल असो, गावात कुणी गेलेलं असो, घंटेला सर दारात. एके सकाळी वरच्या मजल्यावरच्या वर्गात खिडकीपाशी बसलेला कुणीतरी म्हणाला, सरांची सायकल दिसत नाही. बघता बघता बाकं वाजली होती. तिनंही वाजवली होती, इतकी की हातातली काचेची बांगडी फुटली. प्रकाशाचं वक्रीभवन तिला आवडायचं, सरही आवडायचे, तरीसुद्धा फुटली. तो आनंद कशाचा होता? सरांचा राग नव्हता. दुसरं काही करायचंही नव्हतं. तास नाही म्हटल्यावर ती आणि तिच्या मैत्रिणी नुसत्या मैदानात जाऊन बसणार होत्या, जिथं त्या रोजच बसायच्या. भिंत म्हणून ज्याच्याकडं बघायची सवय झालेली असते ते अचानक दार निघतं, तसलं काहीतरी होतं ते. आणि मग सर दारात उभे होते. सायकल पंक्चर, चालत आलेले, घोट्याला क्लिप तशीच. ते हसले. "झालं का? मग घ्या, वह्या काढा." बिचाऱ्यांना ऐकू आलं नसावं, असं तिनं तेव्हा ठरवून टाकलं होतं आणि इतकी वर्षं तेच धरून चालली होती. आज जिन्यात उभं राहिल्यावर तिला कळलं की जिन्यात सगळं ऐकू येतं. जिन्यात तर जास्तच घुमतं. सरांना ऐकू आलं होतं आणि तरी ते हसले होते. ओशाळं नव्हतं ते हसू. चांगलं पोटभर, काहीतरी मिळाल्यासारखं.

काय मिळालं होतं त्यांना?

वर आता बाकं सरकत होती, कुणाच्या डब्यातली शेंगाचटणी फिरत होती. तिच्या वर्गाशेजारी विरुपाक्ष सरांचा वर्ग. त्याचं दार सताड उघडं आणि आत कुणीही नव्हतं. विरुपाक्ष सर येत नसत. त्यांच्या शेतीची कामं असत, कोर्टाची कामं असत, आणि दोन्ही नसली की पाठ धरलेली असे. आजही ते आले नव्हते. आणि त्या वर्गातून काहीही ऐकू येत नव्हतं. बाकं नाहीत, शिट्टी नाही, कबूतरसुद्धा तिथल्या खिडकीत निवांत बसलं होतं. अक्षदा त्या रिकाम्या दाराकडं बघत राहिली. त्यांच्या न येण्यानं कुणी कधी ओरडलं नव्हतं. रविवारी कुणी ओरडतं का? आनंद होण्यासाठी आधी तास व्हायला हवा होता. होणारच, चुकणारच नाही, अशी खात्री हवी होती. ज्या माणसाच्या येण्याबद्दल तुळजापूरला पहारा बसवावा लागतो, बसमधली शिटं तपासावी लागतात, कंडक्टरची साक्ष काढावी लागते, त्याचंच न येणं बाकं वाजवण्याच्या लायकीचं. तो 'होऽऽ' जेवढा मोठा, तेवढं तिचं रोजचं येणं मोठं. शिवलिंगप्पा सरांना त्या दारात हे मोजून मिळालं होतं. तिला एकदम आत्ताच्या आत्ता उमरग्याला जाऊन त्यांना सांगावंसं वाटलं, सर, लागलं उत्तर.

मग तिनं जे केलं ते तिनं आयुष्यात केलं नव्हतं. चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता जिना उतरू लागली. एवढ्या कष्टानं उभा राहिलेला आनंद मोडायला कुणाचं मन होईल?

शेवटच्या पायरीवर कृष्णराज सर उभे होते.

"मॅडम, चपला हातात?"

"सर, मी आज आले नाहीय."

सरांनी तिच्याकडं बघितलं, चपलांकडं बघितलं, मग नाक किंचित वर करून हवेत काहीतरी हुंगलं. बोकड त्यांना ओळखता आलं नसावं. "आत या," ते म्हणाले.

केबिनमध्ये तिनं त्यांना वाक्य सांगितलं. उभ्यानंच, एका दमात सांगितलं, कारण बसल्यावर ते सांगवलं नसतं. "सर, जे शिक्षक न चुकता येतात ते एखाद दिवशी आले नाहीत की विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त आनंद होतो. आज माझ्या वर्गात झाला. मी स्वतः ऐकला."

सरांनी चष्मा काढला. "हे मी समितीला सांगू?"

"तुम्ही खरं काय ते विचारलं होतं."

"मी चांगलं विचारलं होतं." ते पेपरवेट फिरवत बसले. "बरं, मला सांगा. विरुपाक्ष सर तर रोजच येत नाहीत. मग पोरं रोज आनंदात पाहिजेत."

"नाही ना सर. ते रोज यायला लागले तर आनंद होईल."

"ते आल्याचा?"

"नाही. ते येणार नाहीत त्या दिवशी."

सरांचा पेपरवेट थांबला. त्यांना ते पटलं, आणि पटल्याचा त्यांना राग आला, हे दोन्ही तिला एकाच चेहऱ्यावर दिसलं. पुढच्या वर्षीची नेमणूक त्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरत चाललेलीही दिसली. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला. "हां, बोला सर... अरेरे... रद्दच? पुढची तारीख नाही?... वाईट वाटलं हो सर, आम्ही सगळी तयारी केली होती. रांगोळीसुद्धा... हो, हो. नमस्कार." त्यांनी फोन ठेवला. आणि मग त्यांचे दोन्ही तळवे टेबलावर आदळले. दाराबाहेरच्या कारकुनाला ते कसं कळलं देव जाणे, पण तिकडंही टेबलं वाजली, आणि त्यावर बरोब्बर एक शिट्टी चढली. क्रम तोच होता. अक्षदानं खाली बघितलं, नाहीतर ती हसली असती.

"तुम्ही काही बघितलं नाही," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"मी आलेच नाहीय, सर."

"हां." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "ते वाक्य कुणाला सांगू नका. नव्या नेमणुकीला जूनमध्ये या. न चुकता येणारं माणूस लागतं मला. आणि आता मागच्या फाटकानं जा. पोरांनी बघितलं तर उगं नासाडी व्हायची."

दुसऱ्या दिवशी ती आपल्या नेहमीच्या जागी बसली होती. तुळजापूरला निकिता चढली, तिनं पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एक उदासी आली. कालपर्यंत अक्षदानं ती झोप समजली असती. आज तिला ती उदासी मानाच्या पानासारखी वाटली. "बस की इथंच," तिनं शेजारची जागा दाखवली. निकिता अवघडून बसली. "मॅडम, काल बरं नव्हतं का?"

"घसा बसला होता."

"आम्हाला लई काळजी वाटली."

"वाटणारच," अक्षदा म्हणाली.

निकितानं फोन मांडीवर ठेवला, पण लिहायला धजेना. एवढ्यात गाडी करकचून थांबली. रस्त्यावर मेंढरं होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती लोकर हलत होती. कुठल्यातरी वाड्याचा, म्हणजे मेंढपाळांच्या तळाचा, कळप रान बदलायला निघाला होता. मेंढपाळ पार मागं राहिलेला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तशी मेंढरं आणखीनच दाटली. प्रवासी चुकचुकले. आणि अक्षदाला जाणवलं की तिचे दोन्ही तळवे समोरच्या शिटाच्या दांडीवर गेले आहेत आणि छातीत कुठंतरी एक 'होऽऽ' तयार होतो आहे. आज उशीर. आज बहुतेक तास नाही. तिनं दचकून शेजारी बघितलं. निकिताचे तळवेही दांडीवरच होते. दोघींनी एकदमच हात मागं घेतले.

"मॅडम," निकिता हळूच म्हणाली, "तुम्हाला येतं ना हाकायला? तुम्हीच सांगितलं होतं वर्गात."

येत होतं. जीभ टाळूला लावून घुमवायचा तो आवाज धुळाप्पांनी तिला अक्षरांच्या आधी शिकवला होता. एकदा काढला की कळप मधोमध फाटतो. पण काल नाही, आज नाही, लागोपाठ दोन दिवस असं झालं तर पोरांच्या आनंदाचं मोल काय राहील? तिसऱ्या दिवशी कुणी बाकसुद्धा वाजवणार नाही. विरुपाक्ष सरांची सुरुवात अशीच कुठंतरी झाली असेल.

"येतं," ती म्हणाली. "तू आधी लिही. मेंढरं आडवी आलीत, काय सांगता येत नाही."

निकितानं चमकून तिच्याकडं बघितलं. मग लिहिलं. पुढच्याच क्षणी तिच्या मुठीत फोन थरथरायला लागला, थांबेचना. सगळा वर्ग तिथं, त्या एवढ्याशा जागेत, बाकं वाजवत होता. अक्षदानं तो थरथराट ऐकत निम्मा कळप जाऊ दिला. काळी, पांढरी, काळी. मग ती उठली, ओढणी कमरेला खोचली, आणि दारातून रस्त्यावर उतरून घसा खाकरला.

"मॅडम!" खिडकीतून निकिता कळवळून म्हणाली. "आता काय लिहू?"

"लिही," अक्षदा म्हणाली, "येतायत."